वाचनालयातले मोठ्यांचे कार्यक्रम: काय करावे, काय टाळावे

मालवण किनाऱ्यावरच्या वाचनालयांचे ग्रंथपाल, कार्यवाह आणि कार्यकर्ते यांच्यासाठी

काय करावे

*दिवस आणि वेळ*

- वर्षभराचे कार्यक्रम एकाच बैठकीत ठरवा. आयत्या वेळच्या कार्यक्रमाला आयते वक्तेच मिळतात.
- तारीख काढताना पंचांग, एसटीचे वेळापत्रक आणि पंचक्रोशीतल्या जत्रांची यादी शेजारी ठेवा.
- आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेचा दिवस जाहीर झाल्यावरच फेब्रुवारी-मार्चचे कार्यक्रम पक्के करा. तो कौलाने ठरतो, आधीपासून कॅलेंडरात छापलेला नसतो.
- मच्छीमारांसाठीचे कार्यक्रम जून-जुलैत घ्या. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंदी असते आणि माणसे घरी असतात.
- एरवी बंदरावरच्या मासळी लिलावाची वेळ विचारून मगच तास ठरवा. मासे विकणाऱ्या बायकांना यायचे असते, तुमची वेळ त्यांना जमत नाही.
- लेप्टोस्पायरोसिसवरचे व्याख्यान लावणीच्या आधी घ्या. चिखलात उतरून झाल्यावर ते ऐकण्यात अर्थ नाही.
- मे महिन्यात एक कार्यक्रम चाकरमान्यांना धरून ठेवा. पुस्तके भेट देणारेही त्यांच्यातच भेटतात.
- वाचक कट्टा दर महिन्याच्या ठरलेल्या वारी घ्या, उदाहरणार्थ दुसऱ्या शनिवारी. तारीख विसरते, वार लक्षात राहतो.
- दुपारी ४ ते ६ ही वेळ धरा. त्या वेळी घरातली कामे आवरलेली असतात आणि परतताना काळोख होत नाही.
- शेवटच्या एसटीच्या आधी अर्धा तास कार्यक्रम संपवा आणि गाडीची वेळ आगारात विचारून घ्या.
- आरती प्रभूंची (म्हणजे खानोलकरांची) जयंती ८ मार्चला आणि पाडगावकरांची १० मार्चला. दोघेही वेंगुर्ल्याचे, तेव्हा ९ तारखेला एकच संध्याकाळ करा. ८ तारखेला महिला दिनाचे कार्यक्रम असतातच.
- विंदांची २३ ऑगस्ट आणि बॅ. नाथ पैंची २५ सप्टेंबर या तारखा गणपतीची चतुर्थी पाहून पुढेमागे करा. कार्यक्रम चार दिवस उशिरा झाला म्हणून कुणी रागावणार नाही.
- १२ ऑगस्ट (ग्रंथपाल दिन), १५ ऑक्टोबर (वाचन प्रेरणा दिन) आणि २७ फेब्रुवारी (मराठी भाषा गौरव दिन) या दिवशी काही ना काही करावेच लागते. त्यातला एक निवडा आणि तो मन लावून करा.

*विषय आणि पुस्तके*

- विषय ठरवण्याआधी देवघेव नोंदवही चाळा. गावाला काय हवे ते तिच्यात लिहिलेले असते.
- वाचक कट्ट्याची सुरुवात इथल्याच लेखकाने करा: आधी जयवंत दळवींचे ‘सारे प्रवासी घडीचे’, खानोलकरांचे ‘कोंडुरा’ लोक रुळल्यावर.
- आजचे लेखकही घ्या. सावंतवाडीच्या प्रवीण बांदेकरांची २०२२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली कादंबरी तुमच्या कपाटात नसेल तर आधी ती मागवा.
- चर्चेच्या पुस्तकाच्या चार-पाच प्रती महिनाभर आधी जमवा. शेजारच्या वाचनालयातून उसन्या आणा.
- पुस्तक पुरे न वाचलेल्यांनाही बसू द्या. पुढच्या वेळी ते वाचून येतात.
- अभिवाचन चाळीस मिनिटांचे ठेवा आणि आधी एकदा मोठ्याने वाचून घड्याळ लावा.
- वर्षातून एक कार्यक्रम पूर्ण मालवणीत घ्या आणि तो हसवण्यापुरता ठेवू नका. ‘वस्त्रहरण’ सगळ्यांना पाठ आहे, मालवणी कविता थोड्यांनाच ठाऊक आहे.
- सिंधुदुर्ग किल्ल्याविषयी बोलायला मूळ साधने वाचलेला माणूस बोलवा. १६६४ साली पायाभरणी झाली एवढे इथल्या शाळकरी पोरालाही येते.
- सामाईक सातबारा, वारस नोंद आणि मृत्युपत्र यांवर मे महिन्यात वकील बोलवा. सातबाऱ्यावरची निम्मी नावे तेव्हाच गावात असतात.
- वकिलासाठी तालुका विधी सेवा समितीला पत्र द्या. कायदेविषयक मार्गदर्शन हे तिचे कामच आहे.
- दिवाळी अंक योजनेची नोंदणी नवरात्रात सुरू करा. अंक आल्यावर धावपळ केली तर चांगले अंक दोन-तीन घरांतच फिरत राहतात.
- दिवाळीनंतर महिन्याभराने अंक वाचणाऱ्यांची बैठक घ्या आणि प्रत्येकाला आवडलेल्या एकाच कथेवर किंवा लेखावर बोलायला सांगा.

*मोबाइलचे वर्ग*

- एका वर्गात आठ-दहा जणच घ्या आणि दर दोघांमागे एक शिकवणारा ठेवा. कॉलेजची मुले आनंदाने येतात.
- प्रत्येकाला स्वतःच्याच फोनवर शिकवा. दुसऱ्याच्या फोनवर शिकलेले घरी गेल्यावर आठवत नाही.
- पहिल्या दिवशी फक्त अक्षरे मोठी करणे आणि मराठी कळफलक सुरू करणे एवढेच शिकवा.
- मग सातबारा पाहणे, एसटीचे आरक्षण आणि मराठी विश्वकोश उघडणे घ्या, याच क्रमाने. उपयोग दिसला की भीती जाते.
- फसवणुकीच्या फोनची नक्कल वर्गात करून दाखवा आणि १९३० हा सायबर मदत क्रमांक प्रत्येकाच्या फोनमध्ये साठवून द्या.
- तेच ते पाचव्यांदा विचारणाऱ्याला पाचव्यांदा सांगा.

*आठवणींची बैठक*

- रापण ओढलेले, होड्या बांधलेले, दशावतारात उभे राहिलेले लोक बोलवा. गावचा इतिहास त्यांच्यापाशी आहे.
- दशावतारी कलाकारांना पावसाळ्यात बोलवा. तुळशीच्या लग्नानंतर रात्री नाटक आणि दिवसा झोप, असा त्यांचा हंगाम सुरू होतो.
- सांगणाऱ्याची खुर्ची श्रोत्यांमध्येच मांडा. व्यासपीठावर चढला की माणूस भाषण करू लागतो.
- ध्वनिमुद्रणाची परवानगी आधी घ्या, ती कागदावर लिहा आणि मुद्रणाची एक प्रत त्या घरी द्या.
- मासे, जाळी, वारे, भरती-ओहोटी यांचे शब्द त्यांच्याच उच्चारात टिपा. शुद्ध करायच्या भानगडीत पडू नका.
- जुने फोटो आणले तर तिथेच मोबाइलवर टिपून मूळ फोटो हातोहात परत द्या.

*वक्ते*

- बाहेरचा वक्ता येणार असेल तर मालवणचे नगर वाचन मंदिर, आचऱ्याचे रामेश्वर वाचन मंदिर, कणकवलीचे नगर वाचनालय अशा दोन-तीन ठिकाणी मिळून कार्यक्रम लावा. प्रवासखर्च वाटला जातो.
- मानधन आणि प्रवासखर्चाचा आकडा पहिल्याच पत्रात लिहा. देता येत नसेल तर तेही लिहा.
- मालवणला रेल्वे नाही, तेव्हा पाहुण्यांना कुडाळ किंवा कणकवलीला उतरवून घ्या आणि गाडीसोबत कार्यकर्ता पाठवा.
- पावसाळ्यात पाहुण्यांना एक दिवस आधी बोलवा. कोकण रेल्वेचे वेळापत्रक बदललेले असते आणि गाडी त्याहूनही उशिरा येऊ शकते.
- वक्त्याला तीन गोष्टी आधी सांगा: ऐकणारे कोण, मिनिटे किती, याआधी इथे कोण काय बोलून गेले.
- बाहेरच्या एका वक्त्यामागे गावातले दोन ठेवा. निवृत्त शिक्षिका, परिचारिका, तांडेल, कुणीही चालेल.

*जागा*

- सभागृह वरच्या मजल्यावर असेल तर कार्यक्रम खालच्या वाचनकक्षात घ्या. गुडघे दुखणारे जिना पाहूनच मागे फिरतात.
- पाठीच्या खुर्च्या पुढच्या दोन रांगांत मांडा आणि त्या म्हाताऱ्यांसाठी राखा.
- स्वच्छतागृह उघडे, उजेडाचे आणि पाणी असलेले ठेवा; दोन तासांच्या कार्यक्रमाला बायका याच कारणाने येत नाहीत, आणि तसे कुणी बोलून दाखवत नाही.
- पावसाळ्यात छत्र्यांसाठी दाराशी बादली आणि चपलांसाठी आतल्या बाजूला मांडणी ठेवा. दोन्ही कपाटांपासून लांब.
- इन्व्हर्टर किंवा बॅटरीचा ध्वनिक्षेपक तयार ठेवा. पहिल्या सरीला वीज गेली तरी कार्यक्रम चालला पाहिजे.
- विषयाशी जुळणारी पंधरा-वीस पुस्तके दाराजवळच्या टेबलावर मांडा आणि देवघेवीची खिडकी कार्यक्रम संपल्यावर अर्धा तास उघडी ठेवा.

*प्रत्यक्ष कार्यक्रम*

- ठरल्या वेळी सुरू करा, पाच माणसे असली तरी. दोन-तीन महिन्यांत गाव वेळेवर येऊ लागते.
- दीपप्रज्वलन, स्वागत आणि परिचय मिळून दहा मिनिटांत आटपा.
- प्रास्ताविकाऐवजी गाऱ्हाणे घातले तरी चालेल. त्याला निदान सगळे सभागृह ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ देते.
- प्रश्नांसाठी वीस मिनिटे राखा आणि कोऱ्या चिठ्ठ्या आधीच वाटा. उभे राहून न बोलणारे लिहून विचारतात.
- पहिला प्रश्न मागच्या रांगेतून घ्या.
- मालवणीत आलेल्या प्रश्नाचे उत्तर जमल्यास मालवणीतच द्या.
- चहा शेवटी द्या, मे महिन्यात कोकम सरबत. खरी चर्चा पेला हातात आल्यावरच सुरू होते.
- अंधार झाला तर लांबच्या वाडीतल्या बायकांना सोडायला कोण जाणार, हे आधी ठरवून जाहीर करा.

*नंतर*

- मानधनाचे पाकीट त्याच दिवशी द्या.
- तारीख, विषय, उपस्थिती आणि उचललेली पुस्तके यांची नोंद त्याच रात्री नोंदवहीत करा. तपासणीला ती लागते आणि पुढच्या वर्षी तुम्हालाही.
- नेहमी येणारे कुणी आले नसेल तर दुसऱ्या दिवशी फोन करा.

काय टाळावे

*दिवस आणि वेळ*

- गणपतीत काहीही ठेवू नका. घरोघरी भजने असतात आणि घर सोडून कुणी येत नाही.
- दशावतार असलेल्या रात्री व्याख्यान लावू नका, हरणार तुम्हीच.
- महाशिवरात्रीला कुणकेश्वर आणि दिवाळी पाडव्याला मालवणात रामेश्वर-नारायणाची पालखी, हे दोन दिवस विसरू नका.
- देवगडकडच्या वाचनालयांनी आंब्याच्या पेट्या भरण्याच्या दिवसांत कुणाला बोलावू नये.
- तारकर्ली-देवबागेत दिवाळी आणि नाताळच्या सुटीत कार्यक्रम घेऊ नका. घरात पर्यटक असताना घरच्यांना सवड नसते.
- लावणी आणि कापणीच्या दिवसांत रिकाम्या खुर्च्या पाहून ‘लोकांना वाचनाची आवड नाही’ असे म्हणू नका.
- मेचा कार्यक्रम उघड्या मैदानात ठेवू नका. तौक्ते वादळ २०२१ साली मेच्या मध्यातच आले होते.
- हवामान खात्याचा रेड अलर्ट असताना ‘बघू, येतील तेवढे येतील’ म्हणू नका. सरळ पुढे ढकला.
- पुढाऱ्याच्या सवडीसाठी जाहीर झालेली तारीख हलवू नका.
- रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक चालू ठेवू नका. कायदा आहे आणि शेजारीही आहेत.

*व्यासपीठ*

- व्यासपीठावर तीनहून अधिक खुर्च्या मांडू नका.
- निमंत्रण पत्रिकेवर नावांची जत्रा भरवू नका. वाचकाला वक्ता, विषय, वार आणि वेळ एवढेच हवे असते.
- प्रमुख पाहुणे आले नाहीत म्हणून कार्यक्रम अडवू नका.
- वक्त्याचा परिचय चार वाक्यांच्या पुढे नेऊ नका आणि पुरस्कारांची यादी वाचू नका.
- एका कार्यक्रमात एकापेक्षा जास्त सत्कार करू नका. सत्काराचा कार्यक्रम वेगळा करा आणि तसे सांगून करा.
- दशावतारी, भजनी किंवा कीर्तनकाराला फुकट बोलावू नका. शाल-श्रीफळ हे मानधन नव्हे.
- खुर्च्या भरण्यासाठी शाळेची मुले आणून बसवू नका; मुलांना वाचनालयाचा तिटकारा येतो आणि मोठ्यांना जागा मिळत नाही.
- आभारात मंडपवाल्यापासून सगळ्यांची नावे घेऊ नका. त्यांचे आभार प्रत्यक्ष भेटून माना.
- निवडणुकीच्या आचारसंहितेच्या काळात उमेदवाराला व्यासपीठावर, फलकावर किंवा आभारात जागा देऊ नका.

*विषय आणि पुस्तके*

- दरवर्षी त्याच वक्त्याला त्याच विषयावर बोलावू नका, तो कितीही जवळचा असला तरी.
- मोठ्यांसाठी म्हणजे म्हाताऱ्यांसाठी असे धरू नका. होडी चालवणारा पंचविशीतला मुलगाही वाचक आहे.
- बायकांसाठी म्हणून फक्त पाककृती आणि हळदीकुंकू ठेवू नका. त्यांनाही सातबारा, कर्ज आणि कादंबरी हवी असते.
- पुस्तकाची पीडीएफ वाचनालयाच्या गटावर टाकू नका. खांडेकर आणि खानोलकर दोघेही १९७६ साली गेले, त्यांच्या लेखनावर २०३६ अखेरपर्यंत वारसांचा हक्क आहे.
- उतारे वाचायला हरकत नाही. संपूर्ण नाटक हक्कधारकाच्या लेखी परवानगीशिवाय वाचू अगर करू नका.
- आरोग्य व्याख्यानाच्या नावाखाली औषधे, गाद्या किंवा विमा विकणाऱ्यांना दारात उभे करू नका.
- एखाद्याच्या भाऊबंदकीचा निवाडा भर सभेत होऊ देऊ नका. वकिलाला नंतर बाजूला भेटू द्या.
- मोबाइल वर्गात कुणाचा पासवर्ड विचारू नका, ओटीपी स्वतः टाकू नका, आधारच्या प्रती गोळा करू नका.
- शिकवताना फोन त्यांच्या हातातून घेऊ नका. तुम्ही केलेले त्यांना येत नाही.
- वाचक कट्ट्यात एकाला पाच मिनिटांपेक्षा जास्त बोलू देऊ नका, अध्यक्षांनाही नाही.
- ‘यातून काय बोध घेतला’ असे विचारू नका. मोठी माणसे परीक्षेला आलेली नसतात.
- आठवणी सांगणाऱ्याची तारीख चुकली तर भर बैठकीत दुरुस्त करू नका. नंतर नोंदीत करा.

*जागा आणि पुस्तके*

- जुनी, दुर्मिळ पुस्तके प्रदर्शनाच्या टेबलावर उघडी टाकू नका. सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर १८५२चे, वेंगुर्ल्याचे नगर वाचनालय १८७१चे, अशा संग्रहातले पान एकदा फाटले की गेले.
- प्रदर्शनाची टेबले पावसाळ्यात भिंतीला लावू नका; ओल आधी तिथेच येते.
- पुस्तकांच्या टेबलावर चहाचे पेले ठेवू देऊ नका.
- कार्यक्रमात भेट म्हणून आलेली बुरशीची पुस्तके संकोचापायी कपाटात घालू नका. एका पुस्तकाची बुरशी शेल्फभर पसरते.
- कार्यक्रम आहे म्हणून देवघेव बंद ठेवू नका; दहा किलोमीटरवरून पुस्तक बदलायला आलेल्याला परत पाठवणे अक्षम्य आहे.

*निरोप आणि पैसा*

- वाचनालयाच्या गटावर सुप्रभात टाकू नका; कार्यक्रमाचा निरोप चार दिवस आधी एकदा आणि त्या दिवशी सकाळी एकदा, बस.
- फक्त मोबाइलवर विसंबू नका. मासळी बाजार, एसटी स्थानक, रेशन दुकान आणि देवळाच्या फलकावर हाताने लिहिलेला कागद लावा.
- दारात देणगीची पेटी हातात धरून उभे राहू नका. ती टेबलावर राहू द्या.
- सभासद नसलेल्याला परत पाठवू नका. तो पुढच्या महिन्यात सभासद होईल.
- कमी माणसे आली म्हणून आलेल्यांना ऐकवू नका. ते आलेले आहेत.
- वर्तमानपत्रातल्या बातमीसाठी कार्यक्रम थांबवून फोटो काढू नका.

तुमच्या गावाला यातले जे लागू नसेल ते खोडा, सुटले असेल ते खाली लिहा आणि हा कागद कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत टेबलावर ठेवा.